निम्मा हायड्रोजन

राजूरजवळच्या त्या वर्कशॉपमध्ये प्लाझ्मा कटिंगचं मशीन चालवणारी एकटी बाई म्हणजे नलू. स्टेनलेसच्या जाड प्लेटा कापायच्या तर आर्गॉन दोन भाग आणि हायड्रोजन एक भाग, हे तिचं ठरलेलं. सिलिंडरांमधून येऊन एकजीव झालेले हे वायू विजेच्या आर्कच्या झोतात तसे राहत नाहीत. मधोमध एक प्रमाण, कडेला दुसरंच. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. झोताचा रंग आणि कापलेली कड बघत बघत नऊ वर्षांत उमगलं होतं.

मार्चमध्ये घाईचं काम आलं. मालकाचा पुतण्या अनंत म्हणाला, "हायड्रोजन वाढवून निम्मा करा. लवकर उरकेल."

"नाही जमत, साहेब. टॉर्चची नोझल जळते. अन् न जळलेला गॅस प्लेटीखाली, टाकीतल्या पाण्यावर साचते. गॅस ओढणारा खालचा पंखा बी बंद पडून हाये."

"तुला इथं शिकवायला ठेवलंय का?" त्यानं तिच्या हातातली कापायची टॉर्च काढून अतुलला दिली. अतुल तिचा नवरा, तिथंच हेल्पर. बायकोच्या हाताखाली राबतो म्हणून पोरं त्याला चिडवत.

"अहो, नका करू. पंखा तरी सुरू होऊ द्या."

"तू गप बस!" अतुलनं हायड्रोजनचा नॉब फिरवला. पहिली प्लेट कापून झाली, तेव्हा त्यानं ऐटीत तिच्याकडं पाहिलं. दुसरीला आर्क लावला आणि खाली साचलेला गॅस भडकला. अख्खी प्लेट उसळून त्याच्या तोंडावर आली.

दोन्ही डोळे गेले.

दवाखान्यात अनंत कागद घेऊन आला. गॅस नलूनं वाढवला, असं त्यात लिहिलं होतं. "सही केलीस तर उपचाराचा खर्च आमच्याकडं." नलूनं सही केली. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं.

खरं काय ते अतुलला ठाऊक आहे, एवढाच तिला धीर होता. चौकशीला अधिकारी आले तेव्हा तो खाटेवर उठून बसला. "बायकोनंच वाढवला. मी नाही म्हणत होतो."

ते गेल्यावर नलूनं विचारलं, "काहून बोलले तुम्ही असं?"

"सही तूच केली ना? मंग मी कायले वाईट होऊ?"

आता ती वणीत ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग करते. कुणी भेटायला आलं की अतुल तो दिवस रंगवून सांगतो. नलू चहा आणून ठेवते. पाहुणे कप उचलतात, तिच्याकडं मात्र बघत नाहीत.