कॅलेंडरवरची आई

“जेपीजी आहे की मूळ फाईल?” कोणीही पेनड्राइव्ह पुढे केला की दादा चष्मा कपाळावर चढवून आधी हेच विचारायचे. मुरुडच्या ज्या छपाईच्या दुकानात मी काउंटर सांभाळते, तिथे ते बारा वर्षं डिझायनर होते. तुमच्या गावातल्या फ्लेक्सवाल्याकडेही असा एखादा माणूस असेल. पाठ दाराकडे, तोंड पडद्याकडे.

लग्नपत्रिकेसाठी लोक व्हॉट्सॲपवरून आलेला गणपती आणायचे. मोठा केला की त्याच्या सोंडेचे चौकोन दिसायला लागायचे.

“हा ठिपक्यांचा आहे, ताणून काय उपयोग? आणि काढला कोणी? विचारलंत त्याला?”

“नेटवर मिळाला,” गिऱ्हाईक म्हणायचं.

“नेटवर मिळाला म्हणजे रस्त्यात पडलेला न्हाय.”

मग स्वतःच नवा गणपती काढून द्यायचे. आत मालक पुटपुटत बसायचे.

एका वर्षी दुकानाच्या कॅलेंडरसाठी त्यांनी आपल्या आईचं चित्र काढलं. ती बाजारात सुकट-बोंबील विकते. उन्हाने रापलेला चेहरा, एक डोळा बारीक, कपाळावर गोंदण. पडद्यावर रेघन्‌रेघ वेगळी हलवून दाखवत मला म्हणाले, “बाय, ही मूळ फाईल. हिच्यात कोणालाही काहीही बदलता येतं. म्हणून ती हातची सोडायची नसते. द्यायची तर जेपीजी.”

पुढे सुक्या मासळीचा एक व्यापारी आला. त्याला ते चित्र पाकिटावर हवं होतं. दादा जेवायला गेले होते. मालक म्हणाले, मूळ फाईल मेल कर. मी केली.

पावसाआधी पाकिटं बाजारात आली. चित्र तेच, पण बाई गोरी झाली होती. गोंदण पुसलेलं, नाकात मोठी नथ, दोन्ही डोळे टपोरे. दादांनी पाकीट घरी नेऊन आईला दाखवलं. ती म्हणाली, “साडी माजी हाय. ही मी न्हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “जेपीजी गेली की मूळ?”

“मूळ.”

“कोणी पाठवली?”

“मी.”

त्यांनी मान हलवली आणि बारशाची एक पत्रिका अर्धी राहिली होती ती पुरी केली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दादा अलिबागला वकिलाकडे जाऊन आले. वकिलाने विचारलं, चित्र काढलंत तेव्हा पगारावर होतात? चित्राचं वेगळं काही लिहून घेतलं होतं? नव्हतं. मग चित्रकार तुम्ही, पण हक्क मालकाचा. चित्राची मोडतोड केली म्हणून भांडता येईल, पण त्यात वर्षं जातील.

“आई माझी, हात माझा,” दादा मला म्हणाले, “चित्र दुकानाचं.” आवाज चढला नाही की उतरला नाही.

त्यानंतर ते गिऱ्हाइकाला काही विचारेनात. व्हॉट्सॲपचा गणपती आला तर तोच छापायचे, चौकोनांसकट. दिवाळीनंतर आलेच नाहीत. आगरदांड्याहून फेरीबोटीने रोज दिघीला जातात, तिथे बंदराच्या गेटवर पास देतात, असं कळलं. मालकांनी नवा माणूस ठेवला. मी दुकानातच आहे.

बाजारात त्यांची आई बसते त्या बाजूला मी बरेच महिने फिरकले नव्हते. परवा गेले. तिच्या मागच्या दुकानात ती पाकिटं माळेसारखी टांगलेली होती. तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

“दादा चित्रं काढतात का?” मी विचारलं.

“न्हाय गो. घरी येतो, जेवतो, झोपतो.”

तिने पुढ्यातलं सुकट माझ्यासाठी भरलं, मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि ते परत ओतलं. मागचं गाठोडं सोडून त्यातलं दिलं.

“तो बोललाय, दुकानातली बाय आली तर तिला चांगलं दे.”

मी पिशवी पुढे केली. घरी येऊन सुकट ताटात पसरलं आणि निवडायला बसले. वाळूचा एक कणही नव्हता. तरी मी निवडत राहिले.