समितीपुढे न ठेवलेलं पत्र

"दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, गुरुजी. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस," परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं. डायलिसिस म्हणजे यंत्रातून रक्त गाळून घेणं. किती महिने, असं मी विचारलं. ते म्हणाले, "महिने नाही. आता कायमचंच."

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर सांगून ठेवतो, सुईची भीती पंधरा दिवसांत जाते. अडकलेपण जात नाही. चार तास हात हलवायचा नाही. कूस बदलायची तरी नर्सला विचारायचं. घरी पाणीसुद्धा मोजून.

सेलूहून आम्हा रुग्णांना परभणीला नेणारी गाडी गावातल्या तीन मंडळ्या, म्हणजे तीन चर्च, मिळून चालवतात. सोमवारी कॅथलिक, बुधवारी आमची जुन्या मिशनची मंडळी, शुक्रवारी पेंटेकॉस्टल. रुग्ण कुठल्याही धर्माचा असो, गाडी दारात येते. शुक्रवारी शमुवेल चालवतो. "गुरुजी, आज आमची पाळी हाय. प्रार्थना लय मोठ्यानं होणार, कान झाका!" सगळे हसतात. मी खिडकीबाहेर बघतो.

ही गाडी दोन वर्षं आधीच सुरू झाली असती. मी तेव्हा आमच्या मंडळीचा सेक्रेटरी होतो. मिळून गाडी चालवू, असं बाकी दोन मंडळ्यांचं पत्र आलं. मला वाटलं, हे आमची मेंढरं, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, पळवणार. पत्र मी समितीपुढे ठेवलंच नाही. 'समितीची संमती नाही' असं लिहून शिक्का मारला. समितीचे अध्यक्ष आमचे धर्मगुरू, म्हणून दोष त्या पाळकसाहेबांवर आला. त्यांनी ते पत्र पाहिलंही नव्हतं. आज ते हयात नाहीत.

त्या दोन वर्षांत शमुवेलची आई एसटीनं डायलिसिसला जायची. पुढं तिला पायरी चढवेना, खेपा चुकू लागल्या. त्यातच ती गेली.

मागच्या शुक्रवारी मी मशीनवर होतो, शमुवेल शेजारी बसला होता. म्हणाला, "तुमच्या पाळकानं खोडा घातला नसता, तर माय आज असती." मला उठून जाता येत नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं.

तो म्हणाला, "त्या माणसाला मी किती शिव्या घातल्या, गुरुजी. मला एकट्याला सांगून काय उपेग? तिन्ही मंडळ्यांत सांगा."

म्हणून हे लिहिलं. उद्या रविवारी तिन्ही चर्चमध्ये वाचलं जाईल. आमच्याकडे पाळकसाहेबांची मुलगी येणार आहे.

काल शुक्रवारी गाडी वेळेवर आली. माझा सुईचा हात सांभाळून शमुवेलनं मला आत बसवलं. त्याचे आभार मानायचं माझं तोंड नाही, तरी मानतो.