मूलचे भोंगेवाले सत्तारभाऊ

मे महिन्याच्या भर दुपारी मूल गावच्या गल्लीत माणूस दिसत नाही. कुत्रीसुद्धा नालीत पोट टेकून पडलेली असतात. अशा वेळी कूलरसमोरून उठून लोकांनी दार उघडावं, उंबऱ्यात येऊन उभं राहावं, अशी ताकद आमच्या गावात एकाच आवाजात होती. तो सत्तारभाऊंचा आवाज.

सत्तारभाऊंकडे एक जुना ऑटो होता. टपावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी आणि डोक्यावर ओला दुपट्टा. नगरपालिकेची सूचना, कापड दुकानाचा सेल, हरवलेली म्हैस, मयत, सगळं ते पुकारत. पण दिलेला मजकूर संपला की त्यांना गप्प बसवत नसे. नळ येणार नाही एवढंच सांगायचं असे. ते सांगायचे, "उद्या सकाळी नळ येनार नाई. आजच गुंड-बादल्या भरून ठेवा. शेजारनीच्या भरोशावर राहू नका, तिचा नळबी त्याच पायपाले लागून आहे." मग दोन्ही शेजारणी आपापल्या दारात उभ्या राहून हसत.

मी त्या वेळी राईस मिलमध्ये कारकून होतो आणि नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर. गाव मला 'पेपरवाले भाऊ' म्हणायचं. रात्री जागून मी बातमी लिहायचो, सकाळच्या बसनं पाकीट पाठवायचो. तिकडे माझ्या तीन पानांच्या चार ओळी व्हायच्या आणि वर 'आमच्या वार्ताहराकडून' असं छापून यायचं. तो वार्ताहर मीच, हे मला स्वतःच लोकांना सांगावं लागे. सत्तारभाऊंना असं काही सांगावं लागत नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, पोटात आग पडावी असा.

एका उन्हाळ्यात उष्माघातावर मी फार मेहनतीनं लिहिलं. डॉक्टरांना भेटलो, काय खावं, काय टाळावं ते विचारून घेतलं. त्याच दिवशी सत्तारभाऊ नगरपालिकेची तीच सूचना घेऊन फिरत होते. "आजचं ऊन मोठ्या साहेबासारखं आहे," ते भोंग्यावर म्हणाले. "उगाच समोर जाऊन उभे राहू नका. काम असंल तरी पाचनंतर भेटा." दुसऱ्या दिवसापासून तेच वाक्य अख्ख्या गावाच्या तोंडी. मिलचे मालकदेखील दुपारी दार लावून घेताना ते म्हणाले, तेव्हा मी मान खाली घालून पोती मोजत राहिलो.

घरीही तीच गत होती. आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या पेपरावर कुरडया वाळत घातलेल्या असायच्या, बऱ्याचदा माझ्याच बातमीवर. भोंगा ऐकू आला की साचा तसाच हातात धरून त्या दाराकडे जात. मी काही बोलू लागलो तर म्हणत, "थांबा ना, सत्तारभाऊ काय म्हनून राह्यले, आयकू द्या जरा."

मग ते अस्वलाचं प्रकरण झालं. जंगलातलं पाणी आटलं होतं, आणि एका सकाळी अस्वल तलावाजवळच्या आमराईत येऊन बसलं. अर्धं गाव काठ्या घेऊन पाहायला निघालं. पुढे काय होणार ते दिसतच होतं. एक तर अस्वल मेलं असतं, नाही तर कोणी तरी फाडलं गेलं असतं. सत्तारभाऊंनी ऑटो आणून रस्त्यात आडवा लावला. ओरडले नाहीत. रोजच्याच आवाजात म्हणाले, "ते तुमच्याकडे भांडाले नाई आलं. पानी प्याले आलं आहे. आपल्या दारात तहानलेला आला तर आपन काठी घेत नाई. चला, लेकरं घरात घ्या." लोक थांबले. पुढची मंडळी मागं वळली, मग त्यांच्यामागची. वनखात्याची माणसं येईपर्यंत सत्तारभाऊ तिथंच बोलत बसले. संध्याकाळी अस्वल आलं तसं निघून गेलं.

माझी बातमी तिसऱ्या दिवशी आली. चहाच्या टपरीवर मी पेपर उघडून मुद्दाम सगळ्यांसमोर ठेवला. टपरीवाला वाचून म्हणाला, "चांगलं लिवलं भाऊ. पन शिळं आहे."

सत्तारभाऊ तिथंच तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते. ते हसले नाहीत. चिमूट तोंडात टाकून म्हणाले, "भाऊ, तुमचं कागदावर राह्यते. माह्यं तं सारं हवेत जाते. उद्या नातवानं इचारलं, आजा काय करत होता, तं त्याले काय दाखवू? मले तुमचा लय हेवा वाटते." मला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, हेव्याबद्दलसुद्धा हा माणूस माझ्यापेक्षा चांगलं बोलतो.

खर्र्यानंच घात केला. घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. त्या हिवाळ्यात गाव फार शांत वाटलं. त्या शांततेत माझा भाव काही वाढला नाही.

पुढच्या चैत्रात ते एक दिवस माझ्या दारात ऑटो घेऊन आले. गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळलेला. त्यांनी खिशातून नगरपालिकेची सूचना काढली आणि माईक माझ्यापुढे धरला. नाही म्हणणं मला जमलं नाही. "सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की," असं मी सुरू केलं. दोन गल्ल्या झाल्या, एक दार उघडलं नाही. सत्तारभाऊंनी ऑटो थांबवला, माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि त्यावर बसले.

मग मी तोंडाला येईल ते बोललो. पाणी दोन दिवस नाही, पाहुणे बोलवायचे असतील तर त्यांना आपली बादली घेऊन यायला सांगा, असं काहीतरी. एक म्हातारी बाहेर आली. पन्ह्याचा गिलास तिनं सरळ सत्तारभाऊंच्या हातात दिला आणि माझ्याकडे पाहत त्यांनाच विचारलं, "हा तुमचा चेला काय?" ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आवाज काही आला नाही. दोन घोट कसेबसे गिळून त्यांनी गिलास माझ्याकडे दिला.

उन्हाळाभर आम्ही तसे फिरलो. ते चालवत, मी बोलत असे. माझं चुकलं की ब्रेक लागे. मृगाच्या आधी दुखणं उलटलं आणि एका पहाटे ते गेले.

त्यांच्या मुलानं ऑटो माझ्या दाराशी आणून लावला. मी गल्लोगल्ली सांगत फिरलो की सत्तारभाऊ गेले, जनाजा दुपारच्या नमाजनंतर निघेल. ऊन नुसतं भाजत होतं. तरी प्रत्येक दार उघडलं. बाया डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या, माणसं चपला घालून रस्त्यावर आली. माझ्या आवाजावर एवढं गाव बाहेर पडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि ते सगळं त्यांच्याकडे चाललं होतं.