बिनपाटाची ऑर्डर

माझ्या मामाचा पेणजवळ जोह्याला गणपतीचा कारखाना होता आणि माझ्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. बरोबरच होतं. एकदा खोटी मिशी लावून, मुंबईचा शेठ बनून मी त्याच्याकडे ऐटीत चहा पिऊन आलो होतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पेणला रामवाडीत माझा संगणकाचा क्लास होता आणि नुकतंच इंटरनेट आलं होतं. एके दिवशी ई-मेल आला. रोह्याचा माझा जुना विद्यार्थी, आता परदेशात नोकरीला. वडील गेल्यापासून त्यांच्या घरचा गणपती बंद पडला होता. यंदा आईसाठी तुमच्या मामांकडून मूर्ती करून द्या, म्हणत होता. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी, आणि मजकूर लांबलचक.

मी तो छापून घेतला, जोह्याला गेलो आणि थेट रंगमंचावरच्या आवाजात वाचायला लागलो. मामाने अर्ध्यावरच अडवलं.

"पाट कुठाय?"

आमच्याकडे गिऱ्हाईक घरचा पाट कारखान्यात आणून देतं आणि त्याच पाटावर त्याची मूर्ती बसते. पाट टेकवता टेकवता मामा माणूस जोखून घ्यायचा.

"पाट कॉम्प्युटरमधून येत नाही, मामा."

"मग मूर्ती पण जात नाय. ज्याचं तोंड दिसत नाय, त्याचा गणपती मी करत नाय. आणि हे तूच लिवलंस."

मी देवाची शपथ घेतली. त्यामुळे मामाचा संशय पक्का झाला.

शेवटी मी त्या मुलाला कळवलं: पाट नाही तर गणपती नाही. पुढच्या आठवड्यात मी जोह्यालाच होतो, तेव्हा एसटीतून कमरेत वाकलेली एक बाई उतरली. काखेत पाट. त्या मुलाची आई. पोराने फोनवर "आई... पाट... जोह्याला" एवढंच सांगितलं होतं.

तिला ऐकवायला मी मेल पुन्हा वाचू लागलो. बाईच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हा माझा पोरगा नाय. तो बोलताना अडखळतो. चार शब्द सलग येत नायत त्याला. हे धो धो कोण बोलतंय?"

"घ्या!" मामाने मातीच्या हातांनी टाळी वाजवली. "काय बोललो मी?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की क्षणभर मलाच वाटलं, लिहिलं असेल बुवा मीच! घाईघाईने मी शेवट वाचला: "मूर्तीची नजर जरा खाली ठेवा. आईला मान वर करता येत नाही. तिने पाहिलं की देवाने तिच्याकडे पाहायला हवं."

बाईने पदर तोंडाशी धरला.

"व्हय. त्याचंच हाय," ती म्हणाली. "मानेचं मी फक्त त्यालाच बोलले व्हते."

मामाने पाट उचलून मांडीवर घेतला, हाताने पुसला. मग एका तयार मूर्तीसमोर तिला बसवलं.

"वर बघ गो बाय. झेपेल तेवढंच." तिची नजर पोहोचत होती तिथवर त्याने मूर्तीच्या डोळ्यांपासून बोटाने हवेत रेघ ओढली आणि मान हलवली. "करतो."

निघताना ती मला म्हणाली, "त्याला लिव, हे सगळं आता फोनवर बोल. अडखळला तरी चालंल. मी थांबंन."

"फोनवर पण जपून हां, बाय," मामाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा आवाज पण काढतो!"