तिसऱ्या 'नाही'नंतर

घरी कुणी जेवायला आलं की अप्पांच्या अंगात येतं. अप्पा म्हणजे माझे वडील. उभी हयात पोस्टात गेली, पण सांगलीकडच्या आमच्या गावात त्यांची ओळख वाढपी म्हणून. लग्न कुणाचंही असो, जिलबीचं ताट अप्पांच्याच हातात. गेल्या हिवाळ्यात ते आमच्याकडे, दुबईत सिलिकॉन ओएसिसला, राहायला आले आणि मला नसती हौस आली. मी आमच्या साहेबांना जेवायला बोलावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमची कंपनी कॅसिनोतल्या मशिनांना लागणारं सॉफ्टवेअर बनवते. मशिनं बाहेरच्या देशांत, बोटींवर, हॉटेलांत. आता इथे अमिरातीतही कॅसिनो उभा राहतोय, त्यामुळे साहेबांचे पाय जमिनीवर नसतात. माझं काम खर्चावर नजर ठेवायचं. गिऱ्हाइकांना नवी मशिनं परवडत नाहीत, पण नव्या सोयी मात्र हव्या असतात. मग आम्ही जुन्याच मशिनच्या पोटात एक छोटी डबी बसवतो आणि स्क्रीनच्या कडेला एक खिडकी उघडते. तिथूनच चहा मागवा, क्रिकेटचा स्कोअर बघा, घरी जायला गाडी सांगा. खेळणाऱ्याला उठावं लागत नाही आणि हॉलमध्ये फिरणारी माणसं कमी लागतात.

त्या दिवशी पुरणपोळ्या होत्या. साहेब दिल्लीचे, वजनाला जपणारे. "बस, अंकल, बस" करत करत ते कितीतरी पोळ्या खाऊन गेले. हात धुताना म्हणाले, "अंकल, मी तर नको म्हणत होतो. तुम्ही खायला घातलं कसं?"

झालं, अप्पांची कळी खुलली. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सगळी विद्या उघड केली. पहिलं 'नाही' संकोचाचं असतं, ते ऐकायचंच नाही. दुसरं पोटाचं, तिथे अर्धी घ्या म्हणायचं. तोंडात घास असताना विचारायचं नाही. हात पानावरून उठायला लागला की नेमकं तेव्हा ताट पुढे करायचं. "आणि तिसरं 'नाही' खरं," अप्पा म्हणाले. "माणसाच्या तोंडाकडे बघितलं की कळतं. तिथे थांबायचं. पुढे वाढलं तर तो आग्रह नव्हे, पाप."

साहेब टॉवेल हातात घेऊन ऐकत होते. मला तेव्हाच त्यांची ती नजर आवडली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मीटिंगमध्ये नवी सोय आली. उठायच्या बेतात खेळणाऱ्याचा हात मशिनमध्ये घातलेलं आपलं कार्ड काढायला गेला की खिडकी उघडणार. चहा घेणार? नको म्हटलं तर, अर्धा कप? तेही नको, तर गाडी सांगतो, ती येईपर्यंत एक डाव होऊ द्या. मी म्हटलं, "साहेब, तिसऱ्या 'नाही'नंतर थांबायचं, असं अप्पा म्हणाले होते."

"थांबायला समोरच्याचं तोंड बघावं लागतं," साहेब हसून म्हणाले. "त्याला माणूस लागतो. विचारत राहायला काय खर्च येतो? यल्ला, चला, पुढचा मुद्दा."

ही सोय तपासायला माणसं हवी होती. पैसे देऊन आणली तर खर्च वाढतो, म्हणून आम्हा कर्मचाऱ्यांच्या घरी व्हिजिटवर आलेल्या आई-वडिलांना बोलवायचं ठरलं. काम नाही हो, पाहुणे म्हणून यायचं. खोट्या पॉइंटांवर खेळायचं, जेवण कंपनीचं. साहेबांनी अप्पांना स्वतः फोन केला. म्हणाले, "अंकल, तुमचीच विद्या आहे, बघायला या."

अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी म्हटलं, जाऊ दे, दिवसभर चार भिंतींत कंटाळतात बिचारे.

तपासणीची खोली ऑफिसात आमच्याच मजल्यावर होती, अप्पा रोज माझ्याबरोबर यायला लागले. काचांना काळा कागद, एसी असा की बोटं आखडावीत, घड्याळ नाही. तिथे एक नेपाळी बाई चहा द्यायच्या. अप्पांना साखरेचा आजार, म्हणून त्यांचा डबा घरचा, आणि जेवणाची वेळ चुकून चालत नाही. एक वाजला की त्या बाई अप्पांच्या खांद्याला हात लावून म्हणायच्या, "बाबूजी, उठो, खाना." अप्पा उठायचे. आमच्या घराखाली त्यांच्या नातीची, म्हणजे माझ्या लेकीची, शाळेची बस यायची, तिला घ्यायलाही वेळेवर जायचे. माझा जीव त्या बाईंच्या भरवशावर होता.

मग चहाही खिडकीतूनच मागवायचा झाला, कप शेजारच्या यंत्रातून यायचा. त्या बाईंची जबल अलीच्या गोदामात बदली झाली. त्या निघाल्या तेव्हा अप्पांनी मान वर केली नाही. हेच अप्पा कामवाल्या बाईलाही दारापर्यंत पोचवायला जायचे.

डबा भरलेला परत यायला लागला. मी विचारलं तर म्हणाले, "भूक नव्हती." दुसऱ्या दिवशीही तेच. मी चिडले. "अप्पा, खोट्या पॉइंटांत आहे काय एवढं?"

"पॉइंटांचं डोंबल," ते म्हणाले. "अगं, उठायला लागलं की ते इतक्या आग्रहाने विचारतं. मधेच कसं उठायचं? बरं दिसतं का ते?"

मला हसू आलं आणि पाठोपाठ भीती वाटली. जन्मभर दुसऱ्याला आग्रह केलेला माणूस. त्यांना स्वतःला असा कुणी केलाच नव्हता. आई गेल्यापासून तर नाहीच.

नंतर एका दुपारी वॉचमनचा फोन आला. लेक खाली एकटी उभी होती, उन्हाने लाल झालेली. "आजोबा डिडन्ट कम," ती फोनवर म्हणाली. मी तपासणीच्या खोलीत धावले. अप्पा मशिनसमोर बसले होते, हात थरथरत होते, कपाळावर त्या थंडीतही घाम. बाजूला चहाचे कप, सगळे साखरेचे. मी त्यांना हाताला धरून उठवलं तेव्हा खिडकी उघडलेली होती. अप्पा त्या स्क्रीनला म्हणाले, "येतो हं, जरा."

डॉक्टर झाले, गोळ्या बदलल्या. आता घरीच राहायचं, मी सांगून टाकलं. दोन-चार दिवस ते घरी राहिले. लेकीने पत्ते आणले, त्यांनी खेळायला घेतले नाहीत. आल्या-गेल्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

काल सकाळी मी ऑफिसला निघाले तर अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

"तुझ्याबरोबर येतो."

"नाही, अप्पा."

"थोडाच वेळ. जेवायच्या आधी परत."

"नाही म्हटलं ना."

"बसच्या वेळेला खाली उभा असेन. तुझी शपथ."

"नाही, अप्पा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी लपवलंही नाही. ज्यांना पंगतीच्या दुसऱ्या टोकाहून माणसाचं तोंड वाचता यायचं, ते माझे वडील माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांची नजर माझ्या तोंडाकडे नव्हतीच. ती माझ्या गळ्यातल्या, त्या खोलीचं दार उघडणाऱ्या ऑफिसच्या कार्डावर होती.

मग त्यांनी चेहऱ्यावर तेच हसू आणलं, जिलबीचं ताट घेऊन पंगतीत शिरतानाचं, आणि चौथ्यांदा विचारलं.