इंटरव्हलला उठणारा माणूस

सुकदेवने पिक्चर बघितल्याशिवाय आपलं तिकीट काढायचं नाही, असा सिल्वासाजवळच्या मसाट गावातल्या त्या चाळीत रिवाजच पडला होता. सुकदेव शिंदखेड्याकडचा, सुताच्या कारखान्यात मशीनवर काम करणारा. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून सिल्वासाच्या थिएटरात दुपारच्या शोला जायचा आणि परतताना रिक्षातूनच चाळीच्या ग्रुपवर आपलं मत बोलून टाकायचा. ते मत आजवर एकदाही चांगलं आलेलं नव्हतं.

नावं ठेवायला मात्र त्याला डोकं होतं. हल्लीचे हिरो चालतच नाहीत, तरंगतात, असं तो म्हणायचा. बारा तासांची ड्यूटी करून आलेल्या माणसाचे पाय कसे पडतात ते एकाही हिरोला ठाऊक नाही. भुताच्या पिक्चरला लोक हसतात आणि हसायच्या पिक्चरला झोपतात, हे कसलं राज्य? दक्षिणेकडच्या पिक्चरांतल्या दाढ्या बघून त्याचीच हनुवटी खाजायची. पण त्याचा खरा राग होता तो अर्ध्या पिक्चरांवर. तीन तास बसवून ठेवायचं आणि शेवटी ‘पुढचा भाग लवकरच’ असं लिहून बत्त्या लावायच्या. अर्धीच भाकरी वाढून ताट उचलणाऱ्या बाईला आपण काय म्हणू, असं तो विचारायचा.

काही पिक्चर तर तो इंटरव्हललाच सोडून यायचा. चाळीने त्यावरून आपला हिशेब बसवला होता. सुकदेव मधूनच उठला म्हणजे पिक्चर अगदीच टाकाऊ, आणि शेवटपर्यंत बसला म्हणजे निदान सोसण्यासारखा. त्या हिशेबाने बिचारी चाळ तीन वर्षं नेमके भिकार पिक्चर बघत होती, कारण खरं सगळं याच्या उलट होतं. सुकदेव वाईट पिक्चर शेवटपर्यंत बघायचा आणि चांगला निघाला की इंटरव्हलला उठायचा.

याचं कारण होती त्याची बायको, कावेरी.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष कावेरी इथेच, मसाटच्या खोलीत राहिली होती. तेव्हा दोघं मिळून पिक्चरला जायची. इंटरव्हलला दोघांत एक समोसा घ्यायचा आणि कावेरीने पुढची गोष्ट सांगायची. कोण मरेल, कोण घरी येईल, कोणाचं पाप उघडं पडेल, हे ती इतक्या ठामपणे सांगायची की जणू कालच ती माणसं हिच्या ओट्यावर बसून गेली होती. निम्म्या वेळा ती सपशेल चुकायची. मग पिक्चरवाल्यालाच अक्कल नाही म्हणून घरापर्यंत भांडत यायची. सुकदेवला त्या भांडणाइतकं गोड काही वाटलं नव्हतं.

पुढे गावी त्याच्या आईला, तानूबाईला, अर्धांगाचा झटका आला आणि कावेरीला तिच्यापाशी जाऊन राहावं लागलं. तानूबाईला कूस बदलायलाही माणूस लागायचा. सुकदेव पहिल्यांदा एकटाच पिक्चरला गेला तेव्हा पिक्चर फार चांगला निघाला. त्याने फोनवर तासभर त्याची गोष्ट सांगितली. कावेरीने सगळं ऐकलं आणि मग हळूच म्हणाली, "एकलाच गया व्हतात का?"

त्या दिवसापासून सुकदेवच्या लेखी सगळे पिक्चर बेकार झाले. तिने विचारलं की तो म्हणायचा, "काही दम नही. इंटरव्हललेच उठी उनू." आणि खरंच उठून यायचा. दिवे लागले, समोशांचा वास सुटला की शेजारच्या खुर्चीकडे बघून तो दाराची वाट धरायचा. कावेरीने पुढचं सांगितलेलं नसताना पुढचं बघायला त्याचं मन धजायचं नाही. असे कितीतरी अर्धे पिक्चर त्याने तिच्यासाठी ठेवून दिले होते. ती येईल आणि उरलेले अर्धे दोघं बघतील, असं त्याला वाटत राहायचं. थिएटरवाले कुणासाठी थांबत नाहीत हे त्यालाही कळत होतं, पण आशा सुटत नव्हती.

या वर्षी उन्हाळ्यात योग आला. बहीण रोशनी आठवडाभर माहेरी यायला तयार झाली आणि कावेरीचं येणं ठरलं. थिएटरात तेव्हा एक सुंदर पिक्चर लागला होता. सुकदेव पहिल्याच सुट्टीला जाऊन इंटरव्हलला उठून आला आणि आनंदाने झोपलाच नाही. पण माशी शिंकली. तानूबाईला ताप आला, कावेरीचं निघणं लांबलं, आणि शुक्रवारी तो पिक्चर उतरला. त्याच्या जागी जो आला तो सुकदेवने शेवटपर्यंत बघितला. यावरूनच ओळखा.

कावेरी नाशिकवरून घाट उतरून आली तेव्हा उन्हाने काळवंडली होती. हातांच्या शिरा वर आल्या होत्या. सुकदेवला तिच्याकडे नीट बघवेना. लागलेला पिक्चर बेकार आहे, असं त्याने सांगितलं. "दुसरा कोनताच नही का?" तिने विचारलं. दुसरा होता तो इंग्रजी, माकडांचा. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून दोघं त्या बेकार पिक्चरलाच गेली.

गोष्ट अशी होती. हिरो गावाकडे बायकोला ठेवून बंदरावर कामाला जातो आणि सणाला नक्की येईन म्हणून वचन देतो. तिकडे त्याला गुंड भेटतात. सुकदेवला पुढचं सगळं माहीत होतं. तरी इंटरव्हलला त्याने समोसा आणला, दोन तुकडे केले आणि जीव मुठीत धरून विचारलं, "मंग, पुढे काय व्हई?"

"तो घर येई," कावेरी म्हणाली. तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. "इतला जीव लायेल शे, येईच तो. तुम्हीन दखज्या."

दिवे मालवले. पडद्यावर हाणामारी सुरू झाली आणि पाचच मिनिटांत कावेरीचं डोकं सुकदेवच्या खांद्यावर आलं. गावी तिला सलग झोप नव्हती. तानूबाई कण्हली की ही उठायची. इथे थंडगार हवा, मऊ खुर्ची आणि हाक मारणारं कुणी नाही. तिला जागं करावं असं सुकदेवच्या मनात आलं. तीन वर्षं ज्या अर्ध्या पिक्चरसाठी जीव झुरला तो चालला होता की! पण त्याचा हात उठेना. खांदा अवघडला तरी तो हलला नाही. शेवटी हिरो जखमी होऊन जहाजावर चढला, ‘पुढचा भाग लवकरच’ अशी अक्षरं आली आणि बत्त्या लागल्या.

कावेरी दचकून उठली. "माले झोप लागी गई! मंग काय झायं पुढे?"

"तू म्हनी व्हती तसंच," सुकदेव म्हणाला. "तो घर उना."

ती एवढी खुलली की त्याला थांबताच येईना. बाहेर आल्यावर दोघं रिक्षा न करता पायीच निघाली आणि ती वाटभर विचारत राहिली. कधी आला? सणाच्या आदल्या दिवशी. काय आणलं? हिरवं लुगडं. बायको रागावली असेल ना? नाही रागावली. मग काय म्हणाली?

"काही नही," सुकदेव म्हणाला. "तिनी पानी दिन्हं."

कावेरीने मान डोलावली. हा पिक्चरवाला शहाणा होता, असं ती म्हणाली.

आठवडा सरला आणि कावेरी एसटीत बसून गेली. त्या संध्याकाळी सुकदेवने ग्रुपवर मत टाकलं. पिक्चर एक नंबर, शेवटपर्यंत बघा. सुकदेवला पिक्चर आवडला म्हटल्यावर अख्खी चाळ उठली. पुढच्या सुट्टीला त्याच्या खोलीतला जोडीदार पप्पू थिएटरातून परतला तो तापलेलाच.

"दिमाग खराब करी टाका, भाऊ! काय दखीसनी एक नंबर म्हना तू? हिरो ते शेवटलोंग घर येसच नही!"

सुकदेव ड्यूटीचे कपडे चढवत होता. शर्टाची बटणं लावता लावता त्याचा हात थांबला.

"येस रे," तो म्हणाला. "तू नीट दखा नही."