चिंधीच्या मागे

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिची टेरियर कुत्री माझ्याकडे राहिली. बायको त्याआधीच वारली होती. घरात मी आणि ही पांढरी, तपकिरी डागांची, वजनानं सात किलोच्या आतली कुत्री.

रविवारी मुलीचा फोन यायचा. "जेवलात का बाबा?" "जेवलो. तू?" "हो." मग पाऊसपाणी. त्यापुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. अंबडच्या बाजूला एका बागायतदाराच्या शेतात हिवाळ्यात छोट्या कुत्र्यांची हौशी शर्यत असते, बक्षीस एक नारळ, हे मी तिला सहज सांगितलं. त्या दिवशी फोन बराच वेळ चालला. मी कुत्रीला पळायला शिकवू लागलो ते, खरं सांगायचं तर, त्या फोनसाठीच.

शर्यतीत कुत्रं दोरीनं ओढलेल्या चिंधीमागे धावतं. मी जुनी सायकल उलटी केली आणि मागच्या चाकाचा टायर काढून रिंगवर दोरी गुंडाळली. हातानं पायडल फिरवलं की दोरीच्या टोकाची चिंधी सशासारखी उड्या मारत येते. या कामाला माणसं दोन लागतात, एक फिरवायला आणि एक कुत्रं धरून सोडायला. शेजारी एकदोनदा आले. पुन्हा पुन्हा विचारणं मला बरं वाटेना. म्हणून कुत्रीला खुंट्याला बांधायचो, बैलाला घालतात ती ओढली की सुटणारी गाठ, आणि त्या गाठीच्या दोरीचं लांब टोक सायकलपर्यंत आणायचो. एका हातानं गाठ ओढायची, दुसऱ्यानं पायडल फिरवायचं. अंतर टेपनं मोजलेलं होतं, शंभर मीटर. वेळ मात्र कधी नीट घेता आली नाही, कारण तिसरा हात नव्हता. पण ती बाणासारखी यायची. "आज कशी पळाली?" मुलगी विचारायची आणि मी सविस्तर सांगायचो.

शर्यतीत मालकानं आपलं कुत्रं सुरुवातीच्या रेषेवर धरायचं होतं. चिंधी ओढणारा पार समोरच्या टोकाला. शिट्टी झाली, मी हात काढला. बाकीची सुसाट सुटली. माझी थोडी पुढे गेली, थांबली, वळून पाहिलं आणि परत येऊन माझ्या पायाशी बसली.

"काका, तिला वाटून राह्यलं शर्यत तुमची हाय!" कोणीतरी ओरडलं.

"मंग पळा की, जल्दी!"

सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिसरी आली, असं सांगता आलं असतं. बोलणं तरी चाललं असतं. पण जमलं नाही, झालं तसं सांगितलं. ती पोटभर हसली. मग म्हणाली, "पण घरी तर पळायची ना? तिला धरायचं कोण?"

"खुंटा. मी इकडं सायकलपाशी."

"म्हणजे ती चिंधीमागे पळतच नव्हती. तुमच्याकडं यायची."

"बराबर."

"बाबा, धरायला एक माणूस न्हाई का हो मिळाला?"

"सकाळी ज्याला त्याला आपापली कामं असतात," मी म्हटलं.

तिच्याकडच्या टीव्हीचा आवाज येत होता. तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.